कोयत्याच्या मुठीवरची कापडं

चाकू-सुऱ्या गोळा करणारी माणसं एकमेकांच्या घरी गेली की आधी कपाट बघतात, पाती नंतर. कुठलं पातं कुणाशेजारी ठेवलंय यावरून त्यांची जी भांडणं होतात, तेवढी आमच्याकडं शेताच्या बांधावरूनही होत नाहीत. तात्यांचे एक दोस्त इंदापूरहून येतात, त्यांना सगळे आबा म्हणतात. ते सरळ लांबीनं लावतात. लहान आधी, मोठं शेवटी, शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी करावीत तसं. तात्या कामावरून लावतात. घरातली पाती वेगळी, शेतातली वेगळी, धंद्यातली वेगळी, लढाईतली वेगळी.

"तात्या, तुमच्याकडं एक सुरी शोधायची म्हंजी आधी तिची सोयरीक इचारावी लागती," आबा म्हणतात.

"तुमच्याकडं बरं हाय. फूटपट्टी घेतली की झालं, अक्कल लागत न्हाय."

मी चहा ठेवते आणि हसू दाबत मागं फिरते. तात्यांच्या घरात मी हसत असते, तेही जपून.

घर वडगाव निंबाळकरला आहे. तात्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बारामतीतल्या एका बंद पडलेल्या ऑफिसातलं नकाशे ठेवायचं लोखंडी कपाट आणलं. रुंद, चपटे, चौदा खण. प्रत्येक खणात हिरवी बनात अंथरलेली. सगळ्यात वर कट्यारी, बिचवे, जांबिया. मग अडकित्ते आणि हस्तिदंती मुठीच्या सुऱ्या. मग न्हाव्याचे वस्तरे. खाटकाचे सुरे आणि चांभाराची रापी त्याखाली. खुरपी, विळे आणि कोयते सगळ्यात तळाला, जिथं झाडलोटीची धूळ जाते. तात्या म्हणतात, जड सामान खाली ठेवायचं असतं. असेल. पण खुरपं काही कट्यारीपेक्षा जड नसतं. वर कुणी बसायचं आणि खाली कुणी, हे कपाटातही ठरलेलंच आहे, एवढंच मला कळलं. 

कपाट सांभाळायचं काम माझं. नियम तात्यांनी एकदाच सांगितले, दुसऱ्यांदा विचारायची मला भीती वाटली, म्हणून पाठच झाले. पात्याला उघडं बोट लावायचं नाही, घामानं ठसा उठतो. खोबरेल लावायचं नाही, ते चिकट होतं, शिलाई मशीनचं तेल लावायचं. घासायला चिंच, राख, विटेची भुकटी, काही नाही. जुनेपणाचा काळा रंग म्हणजे पात्याची किंमत. चामड्याचं म्यान आणि पातं एकत्र ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं आणि आतून लोखंड खातं. कापडाचंही तसंच. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या पांढऱ्या पुड्या प्रत्येक खणात टाकायच्या. आणि ज्याला चिठ्ठी नाही ते पातं कपाटात जायचं नाही.

मी बीडकडची. सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे दिवाळीनंतर आई-बाप ऊस तोडायला इकडं निघाले, मला घेऊन निघाले, आणि परत गेलो तेव्हा वर्गातल्या पोरी पुढच्या पुस्तकात होत्या. पुढं लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर पुन्हा याच रस्त्यानं याच उसात आले. एका हंगामात भरलेल्या ट्रॉलीवरून नवरा पडला आणि गेला. पोर चार वर्षांची होती. तात्यांच्या बायकोनं मागची खोली दिली. काकी आता पुण्याला मुलाकडं असतात, पण खोली राहिली, काम राहिलं. पोरीचा दाखला नव्हता, कागद नव्हते, तर तात्या स्वतः हेडमास्तरांसमोर जाऊन बसले. "कागद येतील मागनं, पोरगी तेवढ्यात मोठी व्हईल," असं म्हणाले. आज ती दहावीत आहे. हे उपकार मी विसरलेले नाही, विसरणार नाही. पण उपकार डोक्यावर असला की माणूस मान हळू हलवतं. तात्यांनी नुसतं खाकरलं तरी मला वाटायचं, आता म्हणतील, खोली रिकामी कर.

त्या हिवाळ्यात बारामतीत एका हॉलमध्ये पात्यांचं प्रदर्शन ठरलं. तात्यांनी तळाचा खण ओढला. कोयते तीनच होते, तेही बाजारातून आणलेले, कोरे.

"ऊसपट्ट्यातलं प्रदर्शन आणि कोयते असे? लोक हसतील मला," ते म्हणाले. "वापरलेले पायजेत. झिजलेले. तुझी माणसं आल्यात ना कारखान्यावर?"

तुझी माणसं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? या घरात पहिल्यांदा माझ्याकडं असं काही होतं जे तात्यांकडं नव्हतं.

त्यांनी बारामतीच्या लोहाराकडून नऊ नवे कोयते करून घेतले, चांगल्या पोलादाचे. नवा द्यायचा, जुना घ्यायचा. सोमेश्वरनगरच्या कारखान्याजवळ मला गाडीतून सोडलं आणि स्वतः रस्त्यावरच्या टपरीवर चहाला थांबले. मी पोतं घेऊन कोप्यांमध्ये शिरले. पाचटाच्या, ताडपत्रीच्या त्याच कोप्या, तोच धूर, तीच उघडी पोरं. बायका भोवती जमल्या. "आली गं, बंगल्यावरची आली!" "पायात चप्पल बघ तिच्या!" "जुना कोयता घेऊन काय करनार तुझा मालक, देव्हाऱ्यात मांडनार?"

"मांडनारच हाय," मी म्हणाले. सगळ्या हसल्या.

आठ कोयते पटापट मिळाले. तरण्या पोरांचे होते, नवं लोखंड दिसल्यावर त्यांनी जुन्याकडं वळूनही पाहिलं नाही. नववा आक्काचा.

आक्का माझ्याच गावची, नात्यानं लांबची मावशी. साठीला आलेली, अजून मुलाबरोबर तोडीला येते. नवरा गेला तेव्हा माझी पोर पंधरा दिवस तिच्या कोपीत होती. तिनंच तिला खाऊ घातलं, तिनंच झोपवलं, मी नुसती भिंतीला टेकून बसलेली असायचे. आक्काच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, फार जुनी दुखापत. म्हणून तिच्या कोयत्याची मूठ वेगळीच होती. आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी, वर लुगड्याच्या चिंध्या, आणि जिथं ती दोन बोटं यायची तिथं कापडाची घट्ट उशी. दर हंगामाला ती वरून एक नवी पट्टी गुंडाळायची, जुनी काढायची नाही. तोडीतलं कुणीही दुसऱ्याचा कोयता हातात घेत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. अकरा हंगाम मीही तोडलंय. नवऱ्याचा कोयता मी कधी घेतला नाही, त्यानं माझा घेतला नाही.

"ह्यो नगं, माय," आक्का म्हणाली. "दुसरं काही माग."

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "नवा पोलादी हाय आक्का. हलका हाय. धार आठ आठ दिवस जात न्हाई. कापडं काय, दोन दिवसांत गुंडाळशील."  मग मी म्हणाले, "माझ्यासाठी दे. मालकाला नऊ सांगितल्यात."

नवे नऊ तात्यांनी करून घेतले होते, पण नऊच आण असं कुणी सांगितलं नव्हतं. आठ नेले असते तरी तात्या खूश झाले असते. मला नऊ न्यायचे होते.

आक्कानं कोयता दिला. देताना पातं पदराला पुसून दिलं.

घरी आल्यावर तात्या त्या नऊ कोयत्यांवर अगदी पोरासारखे वाकले. मापं घेतली, वजनं केली. मग म्हणाले, "मुठीवरचं ते सगळं काढून टाक. ओल धरतं." नियम मला पाठच होता. मी अंगणात कात्री घेऊन बसले. बाकीच्यांच्या मुठीवर एखादी पट्टी, एखादी सुतळी. आक्काच्या मुठीचे थर कापता कापता बोटं दुखली. हिरवी पट्टी, त्याखाली जांभळी, त्याखाली कसलातरी फुलांचा काठ, त्याखाली रंगच न उरलेलं. शेवटी ट्यूब. खाली बाभळीचं लाकूड निघालं, गुळगुळीत, एका बाजूनं खोलगट. कापडं मी अंघोळीच्या पाण्याच्या बंबात जाळाला घातली. बंबात काय घालायचं आणि काय ठेवायचं, हे मला त्या घरात कुणी विचारत नव्हतं. तेवढं माझ्या मनावर होतं.

चिठ्ठ्या माझी पोर लिहायची, तिचं अक्षर चांगलं. तात्या सांगत होते, "कोयता, ऊसतोडणी. पातं अकरा इंच, मूठ बाभळीची. वापरणारा अज्ञात."

"तात्या, नाव ठाऊक हाय," मी दारातून म्हणाले. "सगळ्यांची ठाऊक हायेत."

"नावं नकोत. नावं लिहिली की उद्या कोण तरी येतं, आमचंय म्हणून. बीडकडील मजूर, असं लिही गं." पोरीनं लिहिलं.

दहा-बारा दिवसांनी आक्काच आली. उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरवर बसून, हातात गोणपाटात गुंडाळलेला नवा कोयता. तात्या हॉल बघायला बारामतीला गेले होते. घरात मी एकटी, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

"घे तुझा पोलादी," ती ओट्यावर बसत म्हणाली. "माझा दे."

"का गं आक्का?"

"का म्हंजी? हातात ऱ्हातच न्हाई. समदी कापडं गुंडाळून बघितली, उशी बसंना. घाव एकीकडं घालावा तर जातो दुसरीकडं. पोरगा वरडतो, म्हातारे, तुझ्यापायी गाडी भरंना." तिनं तळवा पुढं केला. फोड फुटून लाल झालेला. "आन हसतो बी वर. म्हनतो, आईनं कोयता इकून बंगलेवालीशी सोयरीक केली."

मी तिला चहा दिला. ती म्हणाली, बघू तरी कुठं ठेवलाय. मी खण ओढला. नऊ कोयते बनातीवर ओळीनं, सगळे उघड्या मुठीचे, मला तर सारखेच दिसत होते. आक्कानं एका नजरेत तिचा ओळखला.

"कापडं कुठंत?"

"काढली."

"ठिवलीस?"

"न्हाई, आक्का."

तिनं उघड्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "म्हंजी चारचौघांत लुगडं फेडलंस म्हन की माझं." आणि स्वतःच हसली. मला हसता आलं नाही. "जाऊ दे. दे तसाच. मी गुंडाळीन, चार दिस लागतील."

खण उघडा होता. कोयता माझ्या हातापासून वीतभर लांब होता. उचलून द्यायचा, एवढंच. मी म्हणाले, "तात्यांना विचारून देते."

आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला जमलं असतं काहीतरी. "इचार माय," ती म्हणाली. "तुला बी पोरगी हाय." नवा कोयता पुन्हा गोणपाटात गुंडाळला आणि रस्त्याला जाऊन पुढच्या ट्रॅक्टरची वाट बघत उभी राहिली.

संध्याकाळी तात्या आले. चहा देताना मी विचारलं.  तात्या वाईट बोलले नाहीत, ते कधीच वाईट बोलत नाहीत. "अगं, नंबर पडलेत आता. यादी छापायला गेली. प्रदर्शन होऊ दे, दुसऱ्या दिवशी तू स्वतः नेऊन दे. आणि त्यांना हे दे तोवर." म्हणून त्यांनी कपाटावरचा हातमोज्यांचा जोड काढून दिला, औषध फवारायला वापरतात तसला, नवा. मी 'बरं तात्या' म्हणाले. आभारही मानले. ट्रॅक्टरवाल्याच्या हाती मोजे पाठवले.

रात्री जेवताना पोरगी म्हणाली, "आई, किल्ली तुझ्याकडंच होती ना?"

"होती."

"मी दिला असता."

"तू दिला असतास," मी म्हणाले, "कारण झोपायला खोली हाय तुला." ती ताटावरून उठली. पुस्तक घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली. तिला वाढलेली भाजी मी परत पातेल्यात ओतली.

प्रदर्शन छान झालं. खूप माणसं आली. शाळांच्या सहली आल्या. कॉलेजच्या पोरींनी कट्यारीबरोबर फोटो काढले. इंदापूरच्या आबांनी कोयत्यांसमोर उभं राहून डोळे बारीक केले. "तात्या, एवढं साफ केलेत! उद्या ह्येंनी दाढी करशीला." तात्या हसले आणि मला जवळ बोलावलं. "ही आमच्याकडं असती. हिनंच मिळवले सगळे. हिला इचारा, हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं." एका बाईंनी विचारलं, ऊस कसा तोडतात? मी हवेत तोडून दाखवलं, खाली वाकून, जमिनीलगत. मग शेंड्याचं वाढं कसं उडवायचं तेही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आवडलं. त्या टाळ्या मला आवडल्या, हे मी इथं लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी शब्द पाळला. स्वतःच्या हातानं चिठ्ठी कापली, कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. मी एसटीनं सोमेश्वरनगरला गेले. वाटेत पिशवीतून जुन्या साडीच्या पट्ट्या काढून पाहिल्या, मी घरून फाडून आणल्या होत्या, गुंडाळायला.

आक्का कोपीच्या तोंडाशी बसली होती. डावा हात कोपरापर्यंत बांधलेला. चार दिवस झाले होते. डाव्या हातात ऊस धरलेला, उजव्यातून कोयता सटकला आणि अंगठ्याच्या मुळाशी बसला. सरकारी दवाखान्यात टाके घातले. अंगठ्याची शीर तुटलीय, आता मुठीत काही धरता यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मुकादमानं मुलाला सांगितलं होतं, म्हातारीला गावाकडं लाव, मोळी बांधायला दोन हात लागतात. कोपीच्या कुडात ते हातमोजे खोचलेले होते, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

मी वर्तमानपत्र सोडलं. आक्कानं कोयता उजव्या हातात घेतला, दोनदा तोलला. ती दोन बोटं तशीच ताठ, मुठीच्या बाहेर.

"आनलास व्हय," ती म्हणाली. "घिऊन जा. मी काय करू ह्येचं? तितं चांगला निजला हुता."

"आक्का, मी—"

"पोरीची परीक्षा कवा हाय?"

"मार्चात."

"तिला म्हनावं, आक्कानं इचारलं." मग शेजारच्या कोपीतल्या बाईला हाक मारून म्हणाली, "हिला च्या टाक गं, लांबून आलीय." मी तो चहा प्यायले. पट्ट्या पिशवीतून बाहेर काढल्या नाहीत.

परत आल्यावर तात्यांना सगळं सांगितलं. ते खरंच हळहळले. चष्मा काढून पुसला, "अरारारा" म्हणाले, उद्या डॉक्टरांशी बोलतो म्हणाले, आणि बोललेही. पण हे त्या संध्याकाळचंच. कोयता टेबलावर पडलेला. तात्या त्याच्याकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं, जे नवीन पातं मिळालं की येतं.

"ह्याला आता खाली नको ठेवायला," ते म्हणाले. "ह्याला गोष्ट हाय. गोष्ट असलेली पाती आपण वेगळी काढू, वरचा एक खण रिकामा करू." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "तो दुसरा कुठाय? ज्यानं लागलं तो? दोन्ही शेजारी शेजारी पायजेत. बघ मिळतो का. त्यांना म्हणावं, काय लागेल ते देतो."

 माझ्या तोंडातून निघालं, "न्हाई, तात्या. तो मी मागनार न्हाई."

"मागणार न्हाय?"

"न्हाई. आन ह्योबी चिठ्ठी लावून ठिवू नका. मला द्या, माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या."

तात्यांच्या समोर मी पहिल्यांदा 'नाही' म्हणाले होते. आता होणार, असं वाटलं. आता म्हणतील, सामान बांध. पोरीची परीक्षा, दाखला, खोली, गॅसची टाकी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

तात्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "बरं," ते म्हणाले. "ने. जेवायला काय केलंयस?"

एवढंच. पिठलं केलंय, मी म्हणाले. त्यांनी हात धुतले, जेवले, आणखी एक भाकरी घेतली. दुसऱ्या दिवशी काही बोलले नाहीत, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आठवडाभर मी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत राहिले. पोरगी परीक्षेला बसली. खोली आहे तिथंच आहे.

काहीच झालं नाही. आक्का ओट्यावर बसली होती त्या दिवशी कोयता उचलून दिला असता, तरीही काही झालं नसतं.